सत्तावीस वर्षांची ओळख

मुलांनो, 'नामशेष झालेला प्राणी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा कोण येतो? डायनोसॉर! होय ना? पण डायनोसॉर संपले तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हताच. त्यामुळे त्यांच्या नाहीसं होण्यात आपला काही हात नाही.

आज मात्र मी तुम्हाला एका वेगळ्या प्राण्याची गोष्ट सांगणार आहे. शास्त्राला या प्राण्याची ओळख झाली १७४१ साली आणि १७६८ साली तो संपला. म्हणजे अवघ्या सत्तावीस वर्षांत! एखादं मूल जन्मून, शाळा शिकून, नोकरीला लागेपर्यंत जेवढा काळ जातो, तेवढाच हा काळ. हा प्राणी जिवंत असताना शास्त्रज्ञाच्या नजरेनं त्याला पाहिलं, मोजलं आणि त्याच्याविषयी लिहून ठेवलं ते एकाच माणसाने. त्याचे नाव गेओर्ग विल्हेल्म स्टेलर.

एका भांड्याचा संसार

स्टेलरचा जन्म १७०९ साली जर्मनीतल्या विंड्सहाइम या गावी झाला. त्याला झाडापानांचं आणि प्राण्यांचं भारी वेड. वैद्यकीचंही ज्ञान होतं. १७३४ मध्ये तो रशियाला गेला. तेव्हा रशियाची राजधानी होती सेंट पीटर्सबर्ग. तिथे विज्ञान अकादमी नुकतीच कुठे बाळसं धरत होती, आणि रशियन सरकारने एक प्रचंड मोहीम हाती घेतली होती. रशियाच्या पूर्व टोकाला असलेल्या कामचाट्काच्या पलीकडे समुद्रात काय आहे? अमेरिका तिथून किती दूर? हे शोधून काढायचं होतं. मोहिमेचा प्रमुख होता व्हिटस बेरिंग. तो मूळचा डेन्मार्कचा, पण रशियन आरमारात अधिकारी होता.

स्टेलरला या मोहिमेत जागा मिळाली. जानेवारी १७३८ मध्ये तो राजधानीतून निघाला आणि कामचाट्काला पोचला सप्टेंबर १७४० मध्ये. अडीच वर्षांहून अधिक काळ! तेव्हा आगगाडी नव्हती, मोटार नव्हती. घसरगाडी, घोडा, नदीतली होडी आणि स्वतःचे पाय, एवढीच साधनं. सहा हजार किलोमीटरांहून जास्त वाट, आणि मध्ये सायबेरियाची थंडी.

या प्रवासात स्टेलरचं सामान किती असावं? मोहिमेतल्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने, ग्मेलिनने, याविषयी लिहून ठेवलं आहे. इतर विद्वान लोक नोकरचाकर, स्वयंपाकी असा लवाजमा घेऊन फिरत. स्टेलरकडे प्यायला एक पेला आणि जेवायला एक भांडं. त्याच भांड्यात शिजवायचं आणि त्याच भांड्यात खायचं! जंगलात नवीन झाड दिसलं की मग तहानभूक हरपायची.

दहा वर्षे आणि दहा तास

जून १७४१ मध्ये कामचाट्कातल्या पेट्रोपाव्हलोव्स्क बंदरातून 'सेंट पीटर' आणि 'सेंट पॉल' ही दोन जहाजे निघाली. 'सेंट पीटर'वर पाऊणशेहून अधिक माणसं होती. बेरिंग आणि स्टेलर त्यातच होते. थोड्याच दिवसांत धुकं आणि वादळ यांत दोन्ही जहाजांची ताटातूट झाली. ती पुन्हा कधीच भेटली नाहीत.

जुलैच्या मध्यावर 'सेंट पीटर'वरच्या लोकांना दूरवर बर्फाने झाकलेला उंच पर्वत दिसला. ती अमेरिकेची भूमी होती, आजचा अलास्का! सगळ्यांनी आनंदाने एकमेकांना मिठ्या मारल्या. पण वय झालेल्या बेरिंगला परतीची काळजी लागली होती. अन्न थोडं, वाट अनोळखी आणि वारा उलटा. त्याने एका बेटाजवळ फक्त पाणी भरून घेण्यापुरतं जहाज थांबवलं. स्टेलरने खूप हट्ट धरला तेव्हा कुठे त्याला किनाऱ्यावर उतरू दिलं. वेळ मिळाला जेमतेम दहा तासांचा. दहा वर्षे तयारी आणि दहा तास काम, असा चिमटा त्याने आपल्या रोजनिशीत काढला आहे.

पण त्या दहा तासांत या पठ्ठ्याने काय काय केलं! पळत पळत झाडांची यादी केली. तिथल्या लोकांचं जमिनीखालचं कोठार शोधून काढलं. त्यात धुरावर वाळवलेले मासे आणि सालीच्या टोपल्या होत्या. शिवाय बरोबरच्या शिकाऱ्याने मारून आणलेला एक निळा, तुरेवाला पक्षी पाहिला. पक्षी पाहताच स्टेलरला आठवलं, की अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या एका पुस्तकात आपण असंच रंगीत चित्र पाहिलं होतं. हा त्याचाच भाऊबंद! म्हणजे आपण खात्रीने अमेरिकेत आहोत. पाहा, जहाजाचे अधिकारी नकाशावर बोट ठेवून वाद घालत होते आणि स्टेलरने एका पक्ष्यावरून उत्तर सांगितलं.

रानभाजीचं औषध

परतीचा प्रवास फार वाईट झाला. स्कर्व्ही नावाचा रोग जहाजावर पसरला. हिरड्या सुजतात, दात हलतात, अंगातलं त्राण जातं, शेवटी माणूस दगावतो. आज आपल्याला माहीत आहे, की हा रोग 'क' जीवनसत्त्व न मिळाल्यामुळे होतो. आवळा, लिंबू, पेरू, ताजी भाजी खाणाऱ्याला तो होत नाही. पण त्या काळी 'जीवनसत्त्व' हा शब्दसुद्धा नव्हता. खलाशी महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि वाळका पाव खात.

ताजा पाला खाल्ला की हा रोग हटतो, हे स्टेलरला ठाऊक होतं. वाटेत लागलेल्या बेटांवर तो औषधी पाला गोळा करायला उतरला. त्याने अधिकाऱ्यांकडे मदतीला माणसं मागितली, ती मिळाली नाहीत. समुद्राकाठच्या डबक्यातलं पाणी मचूळ आहे, ते भरू नका, असंही त्याने बजावलं. तेही कुणी ऐकलं नाही. मग त्याने एकट्याने जमेल तेवढा पाला आणला आणि आजारी बेरिंगला खायला दिला. आठवड्याभरात बेरिंग अंथरुणातून उठून डेकवर आला! पण पाला थोडा आणि माणसं फार. तो संपला आणि माणसं पुन्हा आजारी पडू लागली. शेवटी शिडं ओढायलाही धड माणूस उरला नाही.

नोव्हेंबर १७४१ च्या सुरुवातीला जमीन दिसली. "कामचाट्का! घर आलं!" म्हणून लोक रडू लागले. पण ते कामचाट्का नव्हतं.

निर्भय कोल्ह्यांचं बेट

हे कामचाट्का नाही, हे स्टेलरने कसं ओळखलं? कुणाला विचारून नव्हे, तर प्राण्यांकडे पाहून.

किनाऱ्यावर उतरताच ध्रुवीय कोल्ह्यांची टोळकी जवळ आली. माणसं पाहून ती पळेनात. समुद्री पाणमांजरंही घाबरेनात. जिथे माणसांची वस्ती असते, तिथले प्राणी माणसाला ओळखतात आणि दुरूनच पळतात. इथले पळत नाहीत, म्हणजे इथे माणूस नाही. आणि समुद्रात काठाशीच उलट्या पडलेल्या होड्यांसारख्या काळ्या पाठी तरंगत होत्या. मधूनच त्यांतून एखादं नाक वर यायचं आणि घोड्यासारखं फुरफुरायचं. असा प्राणी कामचाट्कात कुणीच पाहिलेला नव्हता. तेव्हा ही जागा वेगळीच! स्टेलरचं म्हणणं खरं ठरलं. ते एक निर्मनुष्य बेट होतं. आज त्याचं नाव बेरिंग बेट.

त्या कोल्ह्यांनी मात्र माणसांना पार जेरीला आणलं. बेटावर झाड असं नव्हतंच. लोकांनी वाळूत खड्डे खणले, वर शिडाचं कापड घातलं आणि त्यातच हिवाळा काढायचं ठरवलं. कोल्हे रात्री येऊन टोप्या, मोजे, बूट पळवायचे. मांस पुरून ठेवलं तर उकरून काढायचे. आजाऱ्यांना आणि मेलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. चिडलेली माणसं मग त्यांना फार क्रूरपणे मारत. दोन्ही बाजूंनी जगण्याचीच धडपड चालली होती.

८ डिसेंबर १७४१ रोजी, त्या वेळच्या रशियन कालगणनेप्रमाणे, बेरिंगने प्राण सोडला. खड्ड्याच्या कडेची वाळू त्याच्या पायांवर घसरून पडायची. ती तो काढू देईना, कारण तिच्यामुळे ऊब मिळते असं तो म्हणायचा. असं ते मरण! मोहिमेतली तीसच्या आसपास माणसं मेली. उरलेली जगली ती पाणमांजरांच्या ताज्या मांसावर, स्टेलरने शोधलेल्या पाल्यावर, आणि त्याने अधिकारी-खलाशी असा भेद न करता केलेल्या शुश्रूषेवर.

समुद्रातली गाय

आता त्या काळ्या पाठींकडे वळू या. स्टेलरने या प्राण्याला समुद्रगाय म्हटलं. म्हणूनच त्याला आज 'स्टेलरची समुद्रगाय' असं नाव आहे.

१२ जुलै १७४२ रोजी स्टेलरने एक मादी मोजली. लांबी भरली २९६ इंच, म्हणजे साधारण साडेसात मीटर. मुलांनो, शाळेच्या व्हरांड्यात किंवा अंगणात खडूने साडेसात मीटरची रेघ ओढा आणि तिच्या बाजूला झोपून पाहा. म्हणजे कळेल! वजन आठ ते दहा टन असावं, असा अंदाज आहे. दोन मोठ्या हत्तींएवढं. हृदयच सोळा किलोंहून जास्त भरलं.

एवढा मोठा प्राणी, पण तोंडात दात नाहीत! दातांच्या जागी खरबरीत पट्ट्या. त्यांनी ती केल्प नावाची समुद्रातली लांबलचक वनस्पती रगडून खायची. पुढचे पाय आखूड, त्यांत बोटांची हाडंच नाहीत. कातडी झाडाच्या सालीसारखी जाड आणि खडबडीत. तिच्याखाली चरबीचा जाड थर. कळप काठाकाठाने चरत फिरायचा. पिल्लांना मध्ये ठेवायचा. पाठीवर समुद्रपक्षी बसून किडे वेचायचे. अगदी आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बगळा किंवा कोतवाल बसतो ना, तसेच!

ही मोजमापं घेणं काही सोपं नव्हतं. पावसाची रिपरिप चालू होती. मदतीला येणाऱ्यांना स्टेलर स्वतःची तंबाखू मजुरी म्हणून देत होता. आणि तो मोजत असताना कोल्हे त्याचे कागद आणि शाईसुद्धा पळवत होते!

उन्हाळा आला तसं लोकांनी मोडक्या जहाजाच्या फळ्यांतून नवी होडी बांधायला घेतली. जहाजाचे सुतार मरण पावले होते. पण साव्हा स्तारोदुब्त्सोव्ह नावाच्या एका कोसॅकने पूर्वी जहाजबांधणीत मजुरी केली होती. त्याने ते काम अंगावर घेतलं. अशा कष्टाला पोटात अन्न हवं. पाणमांजरं आता शहाणी होऊन दूर गेली होती. तेव्हा लोकांनी समुद्रगाईची शिकार सुरू केली. लोखंडी आकडा मारायचा आणि त्याला बांधलेला दोर काठावरून तीस-चाळीस जणांनी ओढायचा. एका शिकारीत सगळ्यांना कित्येक दिवस पुरेल एवढं मांस मिळे. ते मांस गोमांसासारखं लागे आणि चरबी बदामाच्या तेलासारखी, असं स्टेलरने लिहिलं आहे.

पण त्याने आणखीही काही लिहिलं आहे. एकीला आकडा लागला की कळपातल्या इतर गाई तिच्या मदतीला धावत. कुणी होडी उलटवू पाही, कुणी दोरावर अंग टाकी, कुणी शेपटीच्या तडाख्याने आकडा काढू बघे. एकदा मादी मारली गेली, तेव्हा तिचा नर पाठोपाठ किनाऱ्यापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही तिथेच होता. ज्यांच्या पोटात त्या मांसाचा घास होता, त्यांच्यापैकीच एकाने हे लिहून ठेवलं. त्याने ते लपवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जीव वाचवला, आणि...

ऑगस्ट १७४२ मध्ये ४६ माणसं त्या छोट्या होडीतून निघाली आणि दोन आठवड्यांत पेट्रोपाव्हलोव्स्कला पोचली. तिथल्या लोकांनी यांची आशा सोडून दिली होती. सामानसुमानही वाटून घेतलं होतं!

होडी लहान. त्यामुळे स्टेलरला समुद्रगाईचा सांगाडा आणता आला नाही. पण खलाशांनी पाणमांजरांची कातडी मात्र आणली, शेकड्यांनी. पाणमांजराच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरात लाखभर केस असू शकतात. इतकी दाट लव दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाही. चीनच्या बाजारात या कातड्यांना सोन्याचा भाव होता.

झालं! बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुढच्याच वर्षापासून शिकाऱ्यांच्या टोळ्या त्या बेटांकडे जाऊ लागल्या. त्यांना हवी होती पाणमांजरं आणि सील. पण खायला काय? समुद्रगाय! हळू, निरुपद्रवी, काठाशी चरणारी. टोळीत माणसं थोडी असत. ती भाला मारून जनावर जखमी करत, ते खोल पाण्यात जाऊन मरे आणि हाती काहीच लागत नसे. एक खायला मिळावी म्हणून कित्येक वाया जात.

१७५५ साली प्योत्र याकोव्हलेव्ह नावाच्या खाणतज्ज्ञाने हे पाहिलं. त्याने कामचाट्काच्या अधिकाऱ्यांना कळवलं, की ही शिकार थांबवा, नाहीतर हा प्राणी उरणार नाही. कुणी लक्ष दिलं नाही. १७६८ साली बेरिंग बेटावर शेवटची समुद्रगाय मारली गेल्याची नोंद आहे.

समुद्रगाई मुळातच थोड्या उरल्या होत्या. फार पूर्वी त्या जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यांवर होत्या, हे जुन्या हाडांवरून कळतं. स्टेलरच्या काळी या बेटांभोवती त्या दोन हजारसुद्धा नसाव्यात, असा अंदाज आहे. काही शास्त्रज्ञ आणखी एक कारण सांगतात. पाणमांजर काटेरी सी-अर्चिन खातं आणि सी-अर्चिन केल्प खातो. पाणमांजरं मारली, तर सी-अर्चिन माजणार, केल्प संपणार आणि समुद्रगाय उपाशी राहणार. साखळीतली एक कडी तोडली की दुसरी आपोआप सुटते, ती अशी.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट तुमच्या लक्षात आली का? ज्या प्राण्याने ४६ माणसांना घरी पोचण्याची ताकद दिली, त्याच माणसांनी आणलेल्या कातड्यांमुळे तो प्राणी संपला. त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही तसं नव्हतं. पण वाईट घडायला दर वेळी दुष्ट माणूस लागतोच असं नाही. हाव आणि बेफिकिरी एवढं पुरतं.

काय उरलं, काय गेलं

स्टेलरला यातलं काहीच कळलं नाही. राजधानीकडे परतताना, नोव्हेंबर १७४६ मध्ये, सायबेरियातल्या ट्युमेन या गावी तापाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३७. त्याचं समुद्री प्राण्यांवरचं लेखन लॅटिन भाषेत १७५१ साली छापलं गेलं. आज समुद्रगाय कशी चरायची, कशी श्वास घ्यायची, हे जगाला कळतं ते त्या पानांमुळेच.

त्याच बेटावर त्याने एक मोठा, नीट उडू न शकणारा पाणकावळा पाहिला होता. तोही शंभरएक वर्षांत नाहीसा झाला. पण त्याच्या नावाचे बाकीचे प्राणी अजून आहेत. अमेरिका ओळखून देणारा तो निळा जे पक्षी आहे. जगातला सर्वांत मोठा सागरी सिंह आहे. आणि कामचाट्काच्या आकाशात पिवळ्या चोचीचा, नऊ किलोंपर्यंत भरणारा स्टेलरचा समुद्रगरुड आहे.

पाणमांजरही वाचलं, पण थोडक्यात. शिकार चालूच राहिल्याने ती जगभरात एक-दोन हजारच उरली होती. १९११ साली रशिया, अमेरिका, जपान आणि ब्रिटन या देशांनी करार करून खुल्या समुद्रातली शिकार थांबवली, तेव्हा कुठे ती पुन्हा वाढू लागली. १९९३ साली बेरिंग बेट आणि शेजारच्या बेटांभोवती राखीव क्षेत्र झालं. पाणमांजरासाठी कायदा वेळेवर आला. समुद्रगाईसाठी याकोव्हलेव्हने तो मागितला होता, तोही वेळेवरच.

२०१७ साली बेरिंग बेटाच्या किनाऱ्यावर खडीतून वर आलेली बरगड्यांची रांग दिसली. खणून पाहिलं तर समुद्रगाईचा जवळजवळ पूर्ण सांगाडा होता. फक्त डोकं नव्हतं.

तिची बहीण आपल्या समुद्रात

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. समुद्रगाईची एक धाकटी बहीण अजून जिवंत आहे आणि ती आपल्या भारताच्या समुद्रात राहते! तिचं नाव डुगाँग. लांबी तीन मीटरांपर्यंत. तीही शाकाहारी, उथळ पाण्यातलं समुद्रगवत चरणारी. तमिळनाडूजवळची पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचं आखात, गुजरातेत कच्छचं आखात आणि अंदमानची बेटं, एवढ्याच ठिकाणी ती आता आढळते. आणि तिथेही फार थोडी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्या शिकारीला बंदी आहे. तरी मासेमारीच्या जाळ्यात अडकून, श्वास कोंडून ती मरते. कारण तिलाही हवेसाठी पाण्यावर यावंच लागतं.

२०२२ साली तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरांचं डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केलं. डुगाँगसाठीचं हे देशातलं पहिलंच क्षेत्र. तिथे आता एक छान गोष्ट घडते. एखाद्या मच्छीमाराच्या जाळ्यात डुगाँग सापडली, की तो महागामोलाचं जाळं कापतो आणि तिला परत समुद्रात सोडतो. वनखातं त्याचा सत्कार करतं, बक्षीस देतं.

बेरिंग बेटावर दोर ओढणारे चाळीस हात होते. इथे दोर कापणारा एक हात आहे. डुगाँगला सत्तावीस वर्षांहून मोठं आयुष्य मिळायचं असेल, तर असे हात वाढायला हवेत.